सार्वजनिक आकाशदर्शन आणि इतिहाससंशोधन

(१) विषयप्रवेश

गेल्या कांहीं दशकांत महाराष्ट्रांत एक परिपाठ रूढ झाला आहे. अमावास्येच्या आगेंमागें, पावसाळा सोडून इतर ऋतूंत, शहरांतील दहापांच हौशी मंडळी दुर्बिणी, सतरंज्या व तारकांचे नकाशे घेऊन दिव्यांच्या उजेडापासून दूर अशा एखाद्या माळावर जातात, आणि जे कोणी येतील त्यांस रात्रभर आकाश दाखवितात. यास ‘आकाशदर्शन’ असें सुटसुटीत नांव पडलें आहे. दाखविणारे वेतन घेत नाहींत. त्यांपैकीं कोणी दिवसा कचेरींत काम करितो, कोणी शाळेंत शिकवितो, कोणी अद्याप स्वतःच शिकत असतो. येणाऱ्यांत मुलें असतात, गृहिणी असतात, आणि शाळेंत भूगोलाच्या पुस्तकापलीकडे ग्रहतारे न पाहिलेले वृद्धही असतात.

हा विषय इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत कां, असें कोणी विचारील. त्यास आमचीं उत्तरें दोन. पहिलें असें कीं, हा परिपाठच आतां इतिहासाचा विषय झाला आहे. तो चालविणारी महाराष्ट्रांतील सर्वांत जुनी संस्था ऐंशी वर्षांपलीकडे गेली. दुसरें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे. आपले ताम्रपट, शिलालेख, बखरी व पत्रव्यवहार यांतील कालगणना तिथि, नक्षत्र, संक्रांति व ग्रहण यांवर उभी आहे. हीं ज्यानें डोळ्यांनीं कधीं पाहिलीं नाहींत, त्यास तीं केवळ कोष्टकांतील अंक वाटतात. आणि अंकांत चूक झाली तर ती त्याच्या ध्यानांत येत नाहीं. म्हणून आकाशदर्शन म्हणजे काय, तें कसें चालतें, आमच्या पुणतांब्यासारख्या गोदातीरच्या गांवांतून त्यांत काय दिसतें, आणि संशोधकास त्याचा काय उपयोग, इतक्या गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

(२) दोन चांगदेव

पुणतांबें म्हटलें कीं चांगदेवांची समाधि डोळ्यांपुढें येते. १ जून २०१७ पासून सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या संपामुळें या गांवाचें नांव देशभर झालें, परंतु त्यापूर्वीं शतकानुशतकें तें चांगदेवांच्या नांवानेंच ओळखलें जात होतें. चौदाशें वर्षें जगलेल्या, ज्ञानदेवांस कोरें पत्र पाठविणाऱ्या, व उत्तरादाखल पासष्ट ओव्या मिळालेल्या या योग्याची कथा सर्वश्रुत आहे.

ज्योतिषाच्या इतिहासांत मात्र दुसरे एक चांगदेव आहेत, आणि नामसाम्यामुळें दोघांची गल्लत होण्याचा संभव आहे. हे दुसरे चांगदेव म्हणजे सिद्धान्तशिरोमणिकार भास्कराचार्यांचे नातू व लक्ष्मीधराचे पुत्र. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं ते मुख्य ज्योतिषी होते. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण म्हणून जें उद्ध्वस्त स्थान आहे, तेथील शिलालेखांत यांचा वृत्तान्त आला आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणून १८६५ सालीं प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून चांगदेवांनीं तेथें मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सोइदेव या स्थानिक अधिपतीनें त्या मठास दान दिलें. ज्ञानदेवकालीन चांगदेवांहून हे चांगदेव सुमारें तीन पिढ्यांनीं आधींचे होत. दोघांचा परस्परसंबंध दाखविणारें कोणतेंही प्रमाण नाहीं. म्हणून पुणतांब्याच्या योग्यास ज्योतिषी, किंवा पाटणच्या ज्योतिषास योगी म्हणणें हें इतिहासास धरून होणार नाहीं.

तथापि पाटणच्या लेखाचा आमच्या विषयाशीं निकट संबंध आहे. त्याचा बराच भाग संस्कृतांत असून दानाचा तपशील मात्र जुन्या मराठींत कोरलेला आहे. कारण उघड आहे. राजवंशाची प्रशस्ति पंडितांनीं वाचावयाची होती. द्यावयाचें काय हें बाजारांतील वाण्यास व तेल्यास कळावयाचें होतें. बाजारांत विकल्या जाणाऱ्या मालावरील जो कर राजाकडे जात असे तो मठास लावून दिला, आणि प्रत्येक घाण्यामागें पळी पळी तेल देण्याचें ठरविलें. म्हणजे आठशें वर्षांपूर्वीं महाराष्ट्रांतील एका ज्योतिषशाळेचा दिवा गांवच्या घाण्यावरील तेलानें जळत होता. विद्या पंडितांची, परंतु तिचा पोशिंदा बाजार, अशी ही व्यवस्था होती. आजच्या आकाशदर्शनांत विद्या हौशी लोकांची आणि पोशिंदेही तेच, इतका फरक पडला आहे. राजाश्रय दोन्हींकडे अपुरा, हें साम्य लक्षांत घेण्याजोगें आहे.

(३) एकोणिसाव्या शतकांतील पूर्वपीठिका

मधल्या काळांत गोदावरीच्या कांठीं ज्योतिषाची परंपरा तुटली नव्हती. पार्थपूर म्हणजे पाथरी येथील ज्ञानराज, आणि गोलग्राम येथील दिवाकर दैवज्ञाचें घराणें हीं त्याचीं उदाहरणें. या दुसऱ्या घराण्यांतील कमलाकरानें काशीस जाऊन १६५८ सालीं सिद्धान्ततत्त्वविवेक लिहिला. परंतु ही विद्या घराण्यांत व शिष्यपरंपरेंत राहिली. गांवकऱ्यांस ती पंचांगाच्या रूपानेंच भेटे. आकाशाकडे बोट करून ‘तें पाहा’ असें सर्वांस सांगण्याची रीत निराळी, आणि ती महाराष्ट्रांत मुद्रणकलेच्या मागोमाग आली.

केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध करून पाश्चात्य वेधांवर आधारलेलें गणित मराठींत आणलें. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत १८८८ सालीं महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा स्थापन झाली, प्रो. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे चालक. वीस इंच व्यासाच्या आरशाची तेथील दुर्बीण त्या काळीं हिंदुस्थानांत सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोंकण किनाऱ्यापासून सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरवरून पुढें गेला, तेव्हां नायगमवाला आणि अमेरिकेंतील लिक वेधशाळेची मंडळी जेऊर येथें तळ देऊन राहिली होती. पुढें १९१२ सालीं पुण्याची वेधशाळा बंद होऊन तिचीं उपकरणें दक्षिणेंत कोडाईकनाल येथें गेलीं, आणि महाराष्ट्र एका मोठ्या दुर्बिणीस मुकला.

परंतु सार्वजनिक आकाशदर्शनाचे खरे मूळपुरुष कोण म्हणून विचारलें तर आम्ही शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचें नांव घेऊं. हे शिक्षक होते. वेधशाळा त्यांजपाशीं नव्हती. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा थोर ग्रंथ १८९६ सालीं निघाला आणि तो विद्वन्मान्य झाला. परंतु त्यांनीं ‘ज्योतिर्विलास’ नांवाचें दुसरेंही एक पुस्तक लिहिलें, व त्यास ‘रात्रीची दोन घटका मौज’ असें जोडनांव दिलें. या जोडनांवांत सर्व हेतु आला. जेवण झाल्यावर अंगणांत बसणाऱ्या सामान्य कुटुंबास दोन घटका आकाशाकडे पाहाण्यास लावणें हें काम एका शाळामास्तरानें आपलें मानिलें. १८९८ सालीं, पंचेचाळिशींतच, दीक्षित वारले.

(४) संस्था कशा निघाल्या

पाश्चात्य देशांत हौशी ज्योतिर्विदांच्या संस्था याच सुमारास निघाल्या. फ्रान्सांत फ्लामारिओन यांनीं १८८७ सालीं, व इंग्लंडांत तेथील हौशी मंडळींनीं १८९० सालीं अशा संस्था स्थापिल्या. आपल्याकडे हें बीज रुजण्यास अर्धें शतक लागलें. २२ ऑगस्ट १९४४ रोजीं पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी ज्योतिर्विदांची ही भारतांतील सर्वांत जुनी संस्था होय. तिचें ठाणें टिळक स्मारक मंदिरांत आहे. ‘ओरायन’ ग्रंथांत मृगनक्षत्रावरून वेदकाल काढणाऱ्या लोकमान्यांच्या स्मारकांत तारे पाहाणाऱ्यांस जागा मिळावी, हा योग समर्पकच म्हटला पाहिजे.

दुसरी लाट हॅलेच्या धूमकेतूनें आणली. शहात्तर वर्षांनीं परत येणारा हा पाहुणा १९८५-८६ सालीं आला, त्या वेळीं मुंबईस १९८५ सालीं खगोल मंडळ निघालें. या मंडळानें मध्य रेल्वेवरील वांगणी येथें रात्रभराचीं आकाशदर्शनें सुरू केलीं. मुंबईच्या उजेडांतून सुटून लोकलनें पोंचतां येईल व पहिल्या गाडीनें परततां येईल अशी जागा, हा वांगणीचा गुण. पुण्यास १९८८ सालीं आयुका ही संशोधनसंस्था स्थापन झाल्यावर हौशी मंडळींस स्वतःच्या हातानें आरसा घासून दुर्बीण करण्याचें शिक्षण तेथील कार्यशाळांतून मिळूं लागलें. १९९६ व १९९७ सालचे दोन तेजस्वी धूमकेतू, १९९९ व २००९ सालचीं खग्रास सूर्यग्रहणें, ८ जून २००४ व ६ जून २०१२ रोजींचीं शुक्राचीं अधिक्रमणें, या प्रत्येक प्रसंगानें नव्या पिढीस या छंदाकडे ओढलें.

स्वस्त दुर्बिणीच्या बाबतींत एका परदेशी गृहस्थाचा उल्लेख करणें अवश्य आहे. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त मठांत संन्यासी होते. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ कांचा घासून ते आरसे करीत आणि पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांस चंद्र दाखवीत. १९६७ सालीं मठ सुटल्यावर त्यांनीं तेंच व्रत घेतलें. १९६८ सालीं त्यांच्या भोंवतीं ‘पदपथावरील ज्योतिर्विद’ म्हणून मंडळी जमली. लांकडी पेटीवर फिरणारी त्यांची साधी दुर्बीण जगभर ‘डॉब्सोनियन’ म्हणून प्रसिद्ध झाली, आणि आज महाराष्ट्रांतील माळांवर उभ्या राहाणाऱ्या पुष्कळ दुर्बिणी याच जातीच्या असतात.

(५) रात्रीची रचना

आकाशदर्शनाचे प्रकार दोन. पहिला शुक्ल अष्टमीच्या सुमारास, संध्याकाळीं दोनतीन तासांचा. तो मुख्यतः शाळांसाठीं असतो. त्यांत चंद्र हेंच प्रधान दृश्य. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणींतून सपाट दिसतो, कारण त्यावर ऊन समोरून पडतें. अष्टमीस उजेड व अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या कडांच्या लांब सावल्या पडतात, आणि चंद्र हा डोंगर, खळगे असलेला गोल आहे हें मुलास न सांगतां कळतें. दुसरा प्रकार अमावास्येच्या आसपासचा, रात्रभराचा. त्यांत अंधुक तारकापुंज, तेजोमेघ व दीर्घिका पाहावयाच्या असतात, म्हणून चंद्र नको.

रात्रीची पहिली शिस्त अंधाराची. उजेडांतून अंधारांत आल्यावर डोळ्याची बाहुली क्षणांत मोठी होते, परंतु पडद्यावरील जें द्रव्य मंद प्रकाश टिपतें तें पुरतें सांठण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. कोणी मध्येंच पांढरा दिवा लावला तर तें क्षणांत नाहींसें होऊन पुनः अर्धा तास वाट पाहावी लागते. तांबड्या उजेडाचा या द्रव्यावर फारसा परिणाम होत नाहीं. म्हणून स्वयंसेवक विजेरीस तांबडा कागद लावितात व मोबाईल खिशांत ठेवण्यास सांगतात. नवख्यांस हा कडकपणा वाटतो. अर्ध्या तासानें आकाशगंगा दिसूं लागली म्हणजे कारण आपोआप पटतें.

दुसरी शिस्त क्रमाची. आरंभीं दुर्बिणीस हात लावूं देत नाहींत. प्रथम नुसत्या डोळ्यांनीं दिशा, ध्रुव, राशि व नक्षत्रें ओळखावयाचीं, मग दुर्बीण. दुर्बिणीचें मुख्य कार्य मोठें करून दाखविणें हें नसून प्रकाश गोळा करणें हें आहे. अंधारांतील मानवी बाहुली सुमारें ७ मिलिमीटर व्यासाची. २०० मिलिमीटर व्यासाचा आरसा तिच्या सुमारें आठशेंपट प्रकाश गोळा करितो. त्यामुळें जेथें डोळ्यास रिकामें आकाश वाटतें तेथें दुर्बिणीस तारकांचा चुरा दिसतो. रांग लागते, प्रत्येकास अर्धाएक मिनिट मिळतें. दुर्बिणीशीं उभ्या असलेल्या स्वयंसेवकास दर दोन मिनिटांनीं ती सरकवावी लागते, कारण पृथ्वी फिरत असते. पाहाणाऱ्याचा खरा विस्मय बहुधा शनीपाशीं व्यक्त होतो; चित्रांतलें कडें प्रत्यक्ष लोंबकळत असलेलें पाहून दुर्बिणीच्या तोंडाशीं चित्र चिकटविलें आहे काय असें विचारणारे लोक असतात.

तिसरी गोष्ट भाषेची. पुण्यामुंबईच्या हौशी मंडळींनीं तारकांचीं मराठी नांवें जिवंत ठेविलीं आहेत. त्यांत दोन थर आहेत. अश्विनी ते रेवती हीं सत्तावीस नक्षत्रें, सप्तर्षि, अगस्त्य, अभिजित्, ब्रह्महृदय हीं नांवें प्राचीन होत. शर्मिष्ठा, देवयानी, ययाति हीं नांवें मात्र प्राचीन संहितांत या अर्थीं सांपडावयाचीं नाहींत. ग्रीक पुराणांतील आकृतींस आपल्या पुराणांतील जोड देऊन अर्वाचीन ग्रंथकारांनीं तीं योजिलीं. हा भेद संशोधकानें अवश्य ध्यानांत ठेवावा. नाहीं तर महाभारतांतील देवयानीची कथा हें त्या दीर्घिकेचें रूपक होय असें प्रतिपादन करणारा निबंध एखादे दिवशीं निघावयाचा.

(६) पुणतांब्याचें आकाश

पुणतांब्याचें अक्षांश सुमारें पावणेवीस. ध्रुवाची क्षितिजापासून उंची स्थळाच्या अक्षांशाइतकीच असते. हात पुढें ताठ करून मूठ वळली तर तिची रुंदी सुमारें दहा अंश भरते. म्हणून गोदेच्या घाटावर उभें राहून उत्तरेस दोन मुठी मोजल्या कीं ध्रुव सांपडतो. म्हणजे कोणतेंही यंत्र न घेतां गांवच्या मुलास आपल्या गांवाचें अक्षांश काढतां येतें.

दक्षिणेकडे आपलें भाग्य युरोपीयांहून मोठें आहे. माघ-फाल्गुनांत रात्रीं पहिल्या प्रहराच्या अखेरीस व्याधाच्या खालीं दक्षिणेस अगस्त्य सुमारें साडेसतरा अंश उंचीवर येतो. लंडनाहून तो कधींच दिसत नाहीं. वैशाखांत नऊ-दहाच्या सुमारास दक्षिण क्षितिजापासून एक मूठ उंचीवर त्रिशंकू उभा राहातो.

सर्वांत भरघोस रात्र मार्गशीर्ष अमावास्येची. दिवेलागणीनंतर देवयानी माथ्यावर असते. मोकळ्या डोळ्यास कापसाच्या तंतूसारखा दिसणारा तिच्यांतील डाग म्हणजे सुमारें पंचवीस लक्ष प्रकाशवर्षें दूर असलेली दीर्घिका. नुसत्या डोळ्यास सहज दिसणारी इतकी दूरची दुसरी वस्तु नाहीं. पूर्वेस कृत्तिका व रोहिणी वर आलेल्या असतात. मागोमाग मृग, आर्द्रा, पुनर्वसू. मध्यरात्रीच्या सुमारास मृग माथ्याजवळून दक्षिणेकडे असतो. पहाटे सिंह पश्चिमेकडे कलतो, आणि चित्रा-स्वाती वर येतात. मूळ व दोन आषाढा यांसारखीं सूर्यासन्न नक्षत्रें सोडलीं तर बहुतेक सर्व नक्षत्रमंडळ एका रात्रींत डोळ्यांखालून जातें.

येथें आमच्या शेतकरी बांधवांच्या दृष्टीनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. मृग लागला, आर्द्रा कोरडी गेली, हस्ताचा पाऊस पडला, अशी भाषा प्रत्येक घरीं चालते. परंतु ७-८ जूनला मृग ‘लागतो’ म्हणजे त्या दिवशीं सूर्य मृगनक्षत्रांत शिरतो. अर्थात् ज्या दिवसांत मृगाचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें, नेमक्या त्याच दिवसांत मृगाचे तारे सूर्याच्या तेजांत लोपलेले असतात. ते दिसावयाचे सहा महिन्यांनीं, गव्हास पाणी देण्याच्या दिवसांत. विजेच्या पाळीमुळें रात्रीं बारावर जागणारा आमचा शेतकरी त्याच मृगाखालीं उभा असतो, परंतु पावसाचा मृग आणि हा मृग एकच, हें त्यास कोणी दाखविलेलें नसतें. एका रात्रीच्या आकाशदर्शनानें हा दुवा जुळतो, आणि पंचांगांतील शब्द पुनः वस्तूशीं जोडला जातो.

(७) संशोधकास उपयोग

आतां आपल्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. तीन उदाहरणें पुरेशीं होतील.

पहिलें कृत्तिकांचें. शतपथ ब्राह्मणांत कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत, इतर नक्षत्रें ढळतात, अशा अर्थाचें वचन आहे. दीक्षितांनीं यावरून असा तर्क केला कीं, हें वचन ज्या काळीं सत्य होतें त्या काळीं कृत्तिका विषुववृत्तावर असल्या पाहिजेत. आणि अयनगतीनें गणित करून तो काळ शकापूर्वीं सुमारें तीन हजार वर्षें असा काढला. या अनुमानावर पुढें मतभेद झाले; वचन वेधाचें आहे कीं परंपरेचें, हा वाद अद्याप मिटला नाहीं. परंतु वादांत पडण्यापूर्वीं वचन व आकाश ताडून पाहाणें हें कर्तव्य नव्हे काय? पुणतांब्याहून आज कृत्तिका पूर्वबिंदूच्या सुमारें २६ अंश उत्तरेस, म्हणजे अडीच मुठींहून किंचित् अधिक, उगवतात. आपल्याकडे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून अत्यल्प ढळते, म्हणून साधें होकायंत्र घेऊन कार्तिकाच्या संध्याकाळीं मोकळ्या क्षितिजावर हें कोणासही पाहातां येईल. एकदां हें अंतर डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे अयनचलन हा शब्द राहात नाहीं, अनुभव होतो.

दुसरें संक्रांतीचें. खरें उत्तरायण २१-२२ डिसेंबरला लागतें, आणि आपण मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस करितों. हा सुमारें चोवीस दिवसांचा फरक कोणाच्या चुकीनें एकाएकीं पडलेला नाहीं. सुमारें बहात्तर वर्षांस एक अंश या वेगानें तो सांठत आला आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील कागदांतील संक्रांतीची इंग्रजी तारीख आजच्या अंदाजानें लावूं गेल्यास घोटाळा होतो, त्याचें एक कारण हें अयनचलन, व दुसरें इंग्रजी पंचांगांतील सुधारणा.

तिसरें ग्रहणाचें. वर सांगितलेल्या पाटणच्या लेखांत शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा व चंद्रग्रहण असा निर्देश आहे. नुसता शकांक धरून अठ्ठ्याहत्तर मिळविले तर इ. स. १२०६ येतें. परंतु प्रभव संवत्सर व श्रावणांतील ग्रहण यांचा मेळ ९ ऑगस्ट १२०७ या दिवशीं बसतो, आणि विद्वानांनीं तोच दिवस ग्राह्य मानिला. अंक कोरणाऱ्याची किंवा गणनापद्धतीची एका वर्षाची तफावत चंद्राच्या छायेनें दुरुस्त केली. चंद्रग्रहण पौर्णिमेसच होतें, आणि ज्या अर्ध्या पृथ्वीवर त्या वेळीं रात्र असते तेथें सर्वत्र दिसतें, म्हणून दानलेखांच्या परीक्षेस तें फार उपयोगी. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीं भाद्रपदी पौर्णिमेस असेंच खग्रास चंद्रग्रहण सर्व भारतांतून दिसण्याजोगें होतें. ज्यानें तें पाहिलें असेल, त्यास पाटणच्या घाटावर दानाचें उदक सुटलें त्या प्रसंगाचें स्वरूप समजण्यास निराळी टीका नको.

(८) अडचणी

या कार्यास मुख्य अडचणी दोन. पहिली अज्ञानाची नव्हे, तर विपरीत जिज्ञासेची. प्रत्येक आकाशदर्शनांत कोणीतरी आपली रास दाखवा म्हणतो, आणि ती पाहिली कीं भविष्य विचारतो. स्वयंसेवकांनीं त्याची थट्टा करूं नये असें आम्हांस वाटतें. रास दाखवावी, सूर्य ज्या महिन्यांत तेथें असतो त्या महिन्यांत ती दिसत नाहीं हें समजावून द्यावें, आणि तिच्यांतील तारे परस्परांपासून शेंकडों प्रकाशवर्षें दूर असून केवळ आपल्या दृष्टीनें एकत्र आले आहेत, एवढें सांगून थांबावें. पुढचा विचार ज्याचा तो करितो.

दुसरी अडचण उजेडाची, आणि ती खरोखर भयंकर आहे. निर्मळ अंधारांत एका वेळीं नुसत्या डोळ्यांस दोनतीन हजार तारे दिसतात. शहरांत ते बोटांवर मोजण्याइतके उरतात. हें संकट आतां शहरांपुरतें राहिलें नाहीं. पुणतांब्याच्या पश्चिमेस शिर्डीसारखें मोठें क्षेत्र आहे. त्या बाजूचें क्षितिज उजळ असणारच. परंतु गांवांतही पांढरे झगझगीत दिवे लागले आहेत, आणि त्यांचा कितीएक प्रकाश रस्त्यावर न पडतां आभाळांत जातो. विजेचें द्रव्य खर्चून आपण आपलें आकाश पुसून टाकीत आहों. देऊळ पडलें तर जीर्णोद्धार करितां येतो, पोथी फाटली तर दुसरी प्रत शोधितां येते. परंतु ज्या पिढीनें आकाशगंगा पाहिलीच नाहीं, तिला ती हरवल्याचें कळणारही नाहीं, आणि जें हरवल्याचें कळत नाहीं त्याचा शोध कोण घेईल?

यावर उपाय अशक्य नाहीं. नागपुराजवळील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें ‘अंधाऱ्या आकाशाचें उद्यान’ ही मान्यता मिळाली. तेथें गांवांतील रस्त्यांच्या दिव्यांचीं तोंडें जमिनीकडे वळविण्यांत आलीं, इतकाच मुख्य उपाय. दिवे काढावे लागत नाहींत. त्यांवर टोपी घालावी लागते.

(९) उपसंहार

या सर्व विवेचनाचें तात्पर्य काढून आम्ही वाचकांपुढें एक सूचना ठेवितों. इतिहाससंशोधक मंडळें जुनीं देवळें व शिलालेख पाहाण्यासाठीं सहली काढतात. त्याच सहलींत वर्षांतून एक रात्र आकाशासाठीं राखावी. हौशी ज्योतिर्विदांच्या संस्थांस पाचारण करावें. त्यांजपाशीं दुर्बिणी आहेत, आपल्यापाशीं लेख आहेत. पाटण येथें भास्कराचार्यांच्या मठाच्या जागेजवळ, किंवा पुणतांब्यास गोदेच्या तीरावर, दिवसा शिलालेखाचें वाचन व रात्रीं त्यांतील तिथिनक्षत्रांचें दर्शन, असा कार्यक्रम सहज बसेल. पंचायतीस विनंति करून त्या एका रात्रीपुरते घाटाकडील दिवे मालविले तरी पुष्कळ झालें. पुढील मार्गशीर्ष अमावास्येस शाळेंतील मुलांनीं आकाशगंगा पाहिली, तर दिव्यांस टोपी घालण्याचा ठराव मोठ्यांकडून तींच करून घेतील.

चांगदेवांच्या मठास प्रत्येक घाण्यामागें पळीभर तेल मिळत असे, तें दिवा लावण्यासाठीं. आज त्याच विद्येसाठीं आम्ही गांवापाशीं घटकाभर दिवा मालविण्याचें दान मागत आहों. तें तेलाहून स्वस्त आहे, आणि देणाऱ्यासही त्याचें फळ तत्काळ, मान वर करतांच, मिळणारें आहे.